वकीलताईंची फी, हस्ते पार्वतीबाई

देवणीहून उदगीरच्या रस्त्याला लागलं की थोड्या अंतरावर एक फाटा डावीकडे वळतो. फाट्यापासून दीड किलोमीटरवर गाव, गावाच्या तोंडाशीच जिल्हा परिषदेची शाळा, आणि शाळेच्या मागच्या अंगाला पत्र्याची एक खोली. त्या खोलीत गेली अकरा वर्षं पार्वतीबाई बिरादार एकशे चाळीस लेकरांची खिचडी शिजवतात.

खिचडी उतरली की लेकरं ताटं वाजवत रांग धरतात. पण चवीच्या रजिस्टरवर गुरुजींची सही पडल्याशिवाय पार्वतीबाई डाव हलवत नाहीत. गुरुजी एखाद्या दिवशी घाईत असले की म्हणतात, "मावशी, वाढा हो, मी मागून करतो सही." पार्वतीबाई पदर खोचून उभ्याच.

"आधी घास, मग सही, मग वाढणं. मागून केलेल्या सहीला काय चव असती, गुरुजी?"

सोबत स्वयंपाकाला पंचफुला. ती बुद्धनगरातली, वयानं पाच-सात वर्षांनी धाकटी, तोंडानं मात्र फटकळ. "पारूबाई, तू तहसीलदार व्हायची, चुकून चुलीपाशी आली," असं ती दिवसातून एकदा तरी म्हणते. दोघींचं रोज वाजतं, आणि एक जण नाही आली तर दुसरीच्या हातची खिचडी खाली लागते.

पार्वतीबाईंना ही शिस्त सासऱ्यांनी लावली. त्यांच्या काळी खळ्यावर ज्वारीची रास पडली की घरी पोतं न्यायच्या आधी राबणाऱ्याचं माप वेगळं काढायचे. पाऊस अंगावर आला तरी आधी माप. "माप काढल्याबिगर रास हलवू नये. हलवली तर ती घरात सुखानं राहत न्हाई," हे सासऱ्यांचं बोलणं पार्वतीबाईंनी पोथीतल्या ओवीसारखं मनाशी धरलं. पुढं त्याच बोलण्यापायी त्यांना लातूर, माहूर आणि नांदेड अशी तीन गावं पालथी घालावी लागली, ती ही हकीगत.

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. त्यांचे मालक बजरंगराव काढलेल्या सोयाबीनचा ढीग उचलत होते. ढिगाखाली हात घातला आणि साप डसला. उदगीरच्या दवाखान्यात नेलं. गोठ्यात देवणी जातीची गाय होती, ती विकून पैसे आणले. पैसे पोचले, पण तोवर माणूस गेला होता.

शेतकऱ्याला असा अपघात झाला तर सरकारनं उतरवलेल्या विम्यातून घरच्यांना दोन लाख मिळतात, असं तलाठ्यानं सांगितलं. पार्वतीबाईंनी सातबारा, पंचनामा, डॉक्टरांचा दाखला, सगळं नीट लावून दिलं. वर्षभरानं विमा कंपनीचं पत्र आलं. गुरुजींनी वाचून दाखवलं. मजकूर असा, की रासायनिक तपासणीचा अहवाल जोडलेला नसल्यामुळे सर्पदंश सिद्ध होत नाही, सबब दावा नामंजूर.

"म्हंजी कंपनी म्हणती, साप चावलाच न्हाई?"

"तसंच म्हणते, मावशी."

"मग काय चावलं म्हणती?"

गुरुजींनी पत्राची घडी घातली. पार्वतीबाईंना दोन लाखांपेक्षा ते वाक्य लागलं. डोळ्यांदेखत गेलेला माणूस, त्याचं मरणसुद्धा खोटं ठरवलं.

त्याच महिन्यात देवणीला कायद्याची माहिती द्यायचं शिबिर भरलं होतं. तिथं लातूरला वकिली करणारी एक पोरगेली वकीलबाई बोलत होती. लुंबिनी सोनकांबळे नाव, मूळची नांदेडची. पार्वतीबाई शिबिर संपल्यावर तिच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या आणि पिशवीतले कागद टेबलावर ओतले. लुंबिनीनं ते पत्र दोनदा वाचलं. म्हणाली, "मावशी, ग्राहक आयोगात तक्रार करू. आपण जिंकू."

"तुमची फी?"

"तुमच्याकडून नाही घ्यायची. ज्यांनी अडवलंय, त्यांच्याकडून घेऊ. तक्रारीतच खर्च मागायचा."

"आन् त्यांनी न्हाई दिला तर?"

"तर नाही."

हे 'तर नाही' पार्वतीबाईंच्या पचनी पडेना. पोरगी भाड्याच्या एका खोलीत राहते, कोर्टातलं तिचं टेबल म्हणजे पत्र्याच्या शेडखाली दोन खुर्च्या, हे त्यांनी पाहिलं होतं. दर तारखेला त्या पदराच्या गाठीला पैसे बांधून न्यायच्या आणि दर तारखेला लुंबिनी ती गाठ सोडू द्यायची नाही. एकदा अशीच ओढाताण चालली होती. लुंबिनीच्या काखेत चार फायली, आत तिच्या नावाचा पुकारा झालेला. ती पळता पळता हसून म्हणाली, "मावशी, लईच असेल तर माहूरच्या तुमच्या रेणुकाआईच्या पायाशी ठेवा माझी फी. मला पोचली म्हणून समजा!"

लुंबिनी ते त्याच घटकेला विसरली. पार्वतीबाईंनी मात्र गाठ मारून ठेवलं.

रेणुकामाता त्यांची कुलस्वामिनी. दर वर्षी एकदा उदगीर-नांदेड करत त्या माहूरला जायच्याच. त्या वर्षी पायऱ्या चढून दर्शन घेतलं, आईची ओटी भरली आणि देणगीच्या खिडकीशी येऊन तीन हजार रुपये पुढं केले. शाळेचं महिन्याचं मानधन, वर पाचशे घातलेले.

"कुणाच्या नावानं?" खिडकीतल्या कारकुनानं विचारलं.

"लुंबिनी सोनकांबळे, वकील, लातूर."

"हस्ते?"

"म्हंजी?"

"नाव त्यांचं, पण देतंय कोण? कुणाच्या हातानं?"

"माझ्याच की! पार्वतीबाई बजरंग बिरादार."

पुढच्या वर्षी तीन हजार, त्याच्या पुढच्या वर्षी तीन हजार. तिन्ही पावत्या त्यांनी चवीच्या जुन्या रजिस्टरच्या प्लास्टिक पिशवीत घालून ट्रंकेत ठेवल्या. वकीलताईची मजुरी वेळच्या वेळी पोचते आहे, या समाधानात त्या होत्या.

यंदा संक्रांतीच्या सुमाराला निकाल लागला. साप चावला होता, हे आयोगानं मान्य केलं. दोन लाख आणि वरचं व्याज. शिवाय तक्रारीचा खर्च, वकील फी धरून, जो प्रत्यक्ष झाला असेल तो, पावत्या दाखवल्यावर. कंपनीनं दोन लाख आणि व्याज भरलं. खर्चाच्या अर्जावर मात्र लेखी हरकत घेतली, की तक्रारदार गरीब आहे, वकिलांनी फी घेतल्याचा कुठलाही पुरावा नाही, तेव्हा द्यायचं काय?

लुंबिनीनं फोन केला. "मावशी, मुख्य रक्कम आली. खर्चाचं आता राहू द्या. मी फी घेतलीच नाही, तर मागू कशाच्या जोरावर?"

"राहू द्या कसं? ताई, बँकेतला एक रुपाया हलवला न्हाई मी. उदगीरच्या बाजारात कालवड बघून ठेवली, तिलाबी हात लावला न्हाई. तुमचं माप कंपनीकडून वसूल झाल्याबिगर माझी रास हलत न्हाई. कोर्टानं लिहिलंय ना, खर्च द्यावा म्हणून?"

"पावती पाहिजे, मावशी."

"हायत की माझ्यापाशी."

"कसल्या?"

"तुमच्या फीच्या. तीन."

"माझ्या फीच्या? घेऊन या बरं लातूरला."

चौथ्या दिवशी पार्वतीबाई लातूरला पत्र्याच्या शेडखाली पोचल्या. लुंबिनीच्या शेजारी तिचा टायपिस्ट विनोद बसला होता. पार्वतीबाईंनी पिशवी उघडून तिन्ही पावत्या टेबलावर मांडल्या आणि एखाद्या मुलानं प्रगतिपुस्तक दाखवावं तशा बघत राहिल्या.

लुंबिनीनं पहिली पावती वाचली. श्री रेणुकादेवी, माहूर. देणगीदाराचे नाव, लुंबिनी सोनकांबळे. तिला हसू आलं ते आवरेना. डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली. मग एकाएकी थांबली.

"मावशी, मी सोनकांबळे आहे हो."

"म्हाईत हाय की."

"आमच्या घरात देव-देवी नाहीत. आजोबांनी दीक्षा घेतली तेव्हापासून नाहीत. बाबा तर नांदेडच्या विहारात दर रविवारी बोलतात यावर. आणि इथं मीच देणगीदार! हे आयोगापुढं ठेवायचं म्हणजे शपथेवर सांगायचं, की फी देवीला द्या असं मीच सांगितलं होतं." तिनं पावती खाली ठेवली. "आणि सांगितलं तर होतंच. चेष्टेत."

विनोद पुढं वाकून हळूच म्हणाला, "मॅडम, कशाला एवढी तकलीफ? मागच्या तारखांच्या तीन साध्या पावत्या फाडू. मावशी अंगठा, नाही, सही करतील. कोण विचारून राहिलंय?"

पार्वतीबाईंनी लुंबिनीच्या तोंडाकडं पाहिलं. तिनं पावत्या परत पिशवीत घातल्या.

"कंपनी म्हणाली, साप चावला नाही. ते खोटं होतं म्हणून आपण तीन वर्षं भांडलो. आता न घेतलेल्या पैशांची पावती मी फाडायची? मग त्यांच्यात आणि माझ्यात फरक काय राहिला, विनोद?" मग पार्वतीबाईंकडं वळून म्हणाली, "पुढची तारीख दहा दिवसांनी आहे. मला जरा विचार करू द्या, मावशी."

गावात आल्यावर पार्वतीबाईंनी खिचडीचे तांदूळ निवडता निवडता सगळं पंचफुलाला सांगितलं. पंचफुलानं सूप खाली ठेवलं.

"अगं माय! आमच्या पोरीचं नाव तू देवीच्या वहीत घालून आली?"

"तीच म्हणली, तिथं ठेव म्हणून."

"चेष्टेत म्हणली असंल!"

"चेष्टा हाय का खरं हाय, हे मला कसं कळावं?"

"तीनदा जाऊन आली, एकदा तरी इचारायचं! पारूबाई, आमच्या म्हाताऱ्यांनी छप्पन साली देव सोडले ते खेळ म्हणून न्हाई. लई सोसलं त्यांनी त्यापायी. कुणी पाणी बंद केलं, कुणी काम बंद केलं. आन् तू तीन हजारात पोरीला पुन्हा गडावर नेऊन बसवली." मग स्वतःच हसली. "त्यातबी पावती घेतली! पावती न्हाई घेतली असती तर कुणाला कळलं असतं?"

पार्वतीबाईंना त्या दिवशी जेवण गेलं नाही. श्रद्धा म्हणजे देवघरातली समई, ज्यानं त्यानं आपापल्या घरात लावायची, दुसऱ्याच्या ओट्यावर नेऊन ठेवायची नाही, हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं. तरी हातून घडलं. दोन दिवसांची रजा टाकून त्या माहूरच्या गाडीत बसल्या.

गडावर नवसाची ओटी भरली, आईसमोर हात जोडले. दर खेपेला त्या काहीतरी मागायच्या. या खेपेला म्हणाल्या, "आई, तुझ्या वहीत एक नाव चुकून आलंय. तुला राग नसंल तर ते काढायला येऊ दे."

खिडकीतला कारकून तोच होता. त्यानं पावत्या बघितल्या. "नाव बदलून द्यायचं का? बाई, आलेली देणगी आम्ही खोडत नाही. वहीला एकदा लागलं ते लागलं."

"पैसे ठेवा ओ, पैशाचं कुठं म्हणून राहिले मी? निस्तं नाव काढा."

"नाव खोडलं तर पैसे कुणाचे म्हणून दाखवू? हिशेब तपासायला येतात वर्षाला. त्यांच्यापुढं काय सांगू, देवीनं स्वतः ठेवले म्हणून?"

मागं रांग खोळंबली होती. पार्वतीबाईंनी कुटलेल्या विड्याचा, तांबुलाचा प्रसाद पिशवीत ठेवला आणि गड उतरल्या. वहीतलं नाव तर निघालं नाही. मग ज्याच्या घरचं नाव, त्याच्या पुढं जाऊन उभं राहावं, एवढंच उरलं. फायलीवर लुंबिनीचा नांदेडचा पत्ता होता. निघायच्या आधीच नांदेडला राहणाऱ्या पंचफुलाच्या भाच्याकडून तो पक्का करून घेतला होता.

दार उघडलं ते सत्तरीच्या एका उंच माणसानं. लुंबिनीचे वडील, दयानंद सोनकांबळे. आत भिंतीवर बुद्धाची तसबीर, शेजारी बाबासाहेबांचा फोटो, खाली पुस्तकांची ओळ.

"मी पार्वतीबाई. देवणीकडली. तुमच्या लेकीकडं केस हाय माझी."

"सापाची केस? या, या ताई. लुंबिनीचा फोन आला होता. हसत होती का रडत होती, मला कळालं न्हाई."

पार्वतीबाई खुर्चीच्या कडेवर टेकल्या. एका दमात सगळं सांगून मोकळ्या झाल्या. "भाऊ, मी चुकले. तुमच्या पोरीला न इचारता तिचं नाव घातलं. काढा म्हणले, तर निघत न्हाई म्हणतेत. तुमाला समाजात खाली बघायची पाळी यायची असंल, तर मी खर्चाचा अर्ज मागं घेते. माझी रास राहू दे तशीच पडून."

दयानंदांनी पाण्याचा तांब्या पुढं केला. मग म्हणाले, "मी बत्तीस वर्षं एसटीत कंडक्टर होतो. माहूरच्या यात्रेच्या जादा गाड्यांवर दरसाल माझी ड्यूटी. हजारो माणसं गडाला पोचवली. मी कधी गड चढलो न्हाई, आन् चढणाऱ्याला कधी गाडीतून उतरवलं न्हाई. द्या बरं ती पावती."

त्यांनी चष्मा लावला आणि एकेक ओळ बोट फिरवत वाचली, तिकीट तपासतात तशी.

"हे बघा ताई. नाव पोरीचं. पण 'हस्ते' कोण? तुम्ही. म्हंजी आमच्या पोरीनं देवीला काय दिलं न्हाई. तुम्ही आमच्या पोरीला दिलं, आन् तिनं सांगितलं त्या जागी जमा केलं. जागा कोणती, तो तुमच्या श्रद्धेचा भाग. पैसे तुमच्या हातातून सुटले का, तिच्या नावानं सुटले का, एवढंच कोर्ट बघंल."

"आन् समाज?"

"समाजाला मी सांगतो की, रविवारीच. तोंडातून गेलेल्या शब्दाला जागली, यात लाज कसली? तिनं खोटी पावती फाडली असती तर मात्र मला विहारात बसायला जागा न्हवती. ह्या फोटोतला माणूसबी वकीलच होता, ताई." त्यांनी चष्मा काढला. "एक मात्र सांगतो. पुन्हा कुणाचं नाव कुठं घालायचं, तर आधी इचारा."

"इचारते," पार्वतीबाई म्हणाल्या. सोबत आणलेल्या शेतातल्या शेंगा त्यांनी टेबलावर ठेवल्या. पिशवीत तांबुलाचा पुडा होता, त्याचा वास सगळ्या खोलीत सुटला होता, पण तो काही त्यांनी बाहेर काढला नाही. एक धडा पुरे होता.

दयानंदांनी नाक वर केलं. "माहूरचा विडा दिसतोय. लपवून कामून ठेवला? द्या चिमूटभर. पान म्हणून खातो, प्रसाद म्हणून न्हाई."

पार्वतीबाईंना हसू आलं, आणि हसता हसता रडूही.

तारखेला आयोगाची खोली भरलेली होती. कंपनीचे वकील उंचेपुरे, आवाज खणखणीत. त्यांनी पावत्या हातात धरून वर उचलल्या.

"मॅडम, ही वकील फी नाहीच, ही देवस्थानाची देणगी आहे. आता पॉलिसीत कुठं लिहिलंय, की तक्रारदाराचा नवस कंपनीनं फेडायचा?"

खोलीत खसखस पिकली. लुंबिनीनं मान खाली घातली नाही. शपथपत्र पुढं ठेवून ती म्हणाली, "हे वाक्य मी बोलले होते. तेव्हा सहज बोलले, पण बोलले होते. माझ्या अशिलानं ते पाळलं. मी स्वतः बौद्ध आहे, देवीला देणगी देण्याचा माझा काही हेतू नव्हता. तरी ही रक्कम मला फी म्हणून पोचली, असं मी मानते."

आयोगाच्या अध्यक्षबाईंनी पावत्या उलटसुलट पाहिल्या. मग थेट पार्वतीबाईंना विचारलं, "आजी, तुम्ही देवीला नवस बोलला होता का?"

कंपनीचे वकील पुढं सरसावले.

"बोलले होते ना," पार्वतीबाई म्हणाल्या. "साप चावला हे कोर्टानं मानलं, तर खणानारळानं ओटी भरीन म्हणून. ती भरली. खण अडीचशाचा, नारळ तीसचा. ती माझी, माझ्या घरातनं. तिची पावती आणली न्हाई मी इथं."

"मग हे पैसे कशाचे?"

"हे ताईचे. तिची मजुरी. ती माझ्या हातातनं घेईना, म्हणून ती म्हणली तिथं ठेवले. देवीचं देवीला, राबणाऱ्याचं राबणाऱ्याला. मी खिचडी शिजवते साहेब, पण ह्यात खिचडी केली न्हाई."

या वेळी अध्यक्षबाईसुद्धा हसल्या. कंपनीच्या वकिलांनी पावत्या टेबलावर ठेवल्या आणि खुर्चीत बसले.

"सोनकांबळे मॅडम," अध्यक्षबाईंनी लिहिता लिहिता विचारलं, "फी तुम्हाला पोचली असं तुम्ही शपथेवर म्हणता. म्हणजे या कामाची फी अशिलाकडून पुन्हा घेणार नाही?"

"नाही."

निकाल तिथंच सांगितला. वकिलाच्या सांगण्यावरून, वकिलाच्याच नावे, अशिलानं दुसरीकडे भरलेली रक्कम वकिलाला पोचलेलीच समजायची. नऊ हजार आणि येण्याजाण्याचा खर्च कंपनीनं तीस दिवसांत तक्रारदाराला द्यावा.

खर्चाचा धनादेश अठ्ठाविसाव्या दिवशी आला. तो वटला त्या दिवशी पार्वतीबाईंनी नऊ हजार काढले, लातूरला गेल्या आणि लुंबिनीपुढं ठेवले. लुंबिनीनं हात मागं घेतला.

"मावशी, हे मला घेता येत नाहीत. फी पोचली असं मी शपथेवर लिहून दिलंय. हे पैसे तुमचे आहेत. तुम्ही भरलेले तुम्हाला परत आले."

"मग तुमच्या हातात काय पडलं?"

"काही नाही," लुंबिनी हसली. "देवीकडं जमा आहे की!"

पार्वतीबाई पैसे घेऊन परत फिरल्या ते फणफणतच. तीन वर्षं भांडून कंपनीकडून माप वसूल केलं, आणि ते फिरून आपल्याच पदरात पडलं! राबणारी पुन्हा रिकामीच. रास हलवावी तर सासऱ्यांचे शब्द आडवे येतात, आणि द्यावं तर पोरगी शपथेनं बांधलेली.

दुसऱ्या दिवशी चुलीपाशी पंचफुला म्हणाली, "कामून थोबाड सुजवून बसली? जिंकली ना?"

पार्वतीबाई तिच्याकडं बघत राहिल्या. पंचफुलाच्या घरकुलाचा तिसरा हप्ता दोन वर्षं अडकला होता. भिंती उभ्या, वर आभाळ. पावसाळ्यात ताडपत्री. तालुक्याला खेटे घालून घालून ती बेजार झाली होती. कोर्टाचं नाव काढलं की म्हणायची, "कोर्ट पैशेवाल्याचं. वकिलाच्या दारात उभं राहायला आधी पदराला गाठ लागती, माझ्या पदराला निस्ती भोकं."

"पंचफुले," पार्वतीबाई म्हणाल्या, "सोमवारी घरकुलाचे कागद घे. लातूरला जायचं. आन् हे बघ, तुला आधी इचारते, मागून बोल नको लावू. तुझी फी मी भरली तर चालंल का?"

पंचफुलाचा डाव पातेल्यातच राहिला. "तू? माझी?"

"व्हय का न्हाई, एवढंच सांग."

पंचफुला चुलीपाशी वाकली. लाकडं आत सारली, पुन्हा बाहेर ओढली. मग म्हणाली, "चालंल. पण उसनी म्हणून. स्लॅब पडला की फेडीन."

सोमवारी दोघी पत्र्याच्या शेडखाली जाऊन बसल्या. लुंबिनीनं पंचफुलाचे कागद पाहिले, दोन-चार प्रश्न विचारले, म्हणाली, "आधी नोटीस पाठवू. तेवढ्यावर हप्ता सुटला तर ठीक, नाहीतर कोर्टात जाऊ." पार्वतीबाईंनी नऊ हजार टेबलावर ठेवले.

"मावशी, पुन्हा तेच?"

"तेच न्हाई. मागची केस संपली, तिची फी तुमाला पोचली, तुम्हीच शपथ घेतली. ही नवी केस. नवी फी. आन् ह्या खेपेला देवीचं नाव काढू नका, हासून दुसरीकडं कुठं ठेवा म्हणू नका. मला चेष्टा कळत न्हाई. पावती फाडा."

लुंबिनीनं पंचफुलाकडं पाहिलं. पंचफुला म्हणाली, "घ्या की वकीलताई. न्हाईतर ही बया मला घेऊन माहूरला जाईल."

लुंबिनी हसली आणि हात पुढं केला. पण पावती फाडायची कशातून? पाच वर्षांच्या वकिलीत तिनं पावतीबुक छापूनच घेतलं नव्हतं. विनोद उठला, समोरच्या दुकानातून कोरं पावतीबुक घेऊन आला. लुंबिनीनं पहिलं पान उघडलं. पावती क्रमांक एक. पंचफुलाचं नाव लिहिलं, रक्कम अंकात, मग अक्षरात. त्याखाली न विचारताच लिहिलं, हस्ते पार्वतीबाई बजरंग बिरादार. पान फाडून पुढं केलं.

पार्वतीबाईंनी ते हातात घेतलं, डोळ्यांजवळ नेलं, आणि परत टेबलावर ठेवलं.

"सही राहिली, ताई."

"करते की, मावशी. मागून—"

"मागून न्हाई. आत्ता."

लुंबिनीनं सही केली. मग पार्वतीबाई उठल्या, पावती पंचफुलाच्या हातात दिली आणि पदर सावरत म्हणाल्या, "चल गं. उदगीरची गाडी धरू. ती कालवड अजून तिथंच हाय का, बघून येऊ."